गेममधला गोडबोल्या मामा

नवा माणूस भेटला की लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. हुंगेमामा आधी एक लांब श्वास घ्यायचा. दूध तापत ठेवण्याआधी हुंगायचा, धोब्याकडून आलेला शर्ट हुंगायचा, पाहुण्यांनी आणलेला खाऊचा पुडा तर पाहुणे समोर बसलेले असतानाच नाकाशी न्यायचा. बायको कपाळाला हात लावायची. “अहो, माणसं बसलीत समोर!” तर हा शांतपणे म्हणायचा, “बसलीत म्हणूनच!”

नाव त्याला बारमधल्या गिऱ्हाइकांनी दिलेलं. तिथं काउंटरमागं उभं राहून पेले भरायचं त्याचं काम. आणि आता गंमत ऐका, उभा जन्म बाटल्यांच्या गराड्यात काढलेल्या या माणसानं दारूचा थेंब कधी जिभेला लावला नव्हता. सगळा कारभार नाकाचा. बूच काढलं की आत कुणी पाणी घातलंय का ते त्याला कळायचं, आणि त्याला कळलंय हे मालकाला कळायचं. त्यामुळे मालकसुद्धा त्याच्याशी जरा जपूनच असायचा.

नाकापेक्षाही त्याचा आवाज भारी. लोण्यात घोळवलेला म्हणा ना! एखादं गिऱ्हाईक ‘आज पुरे’ म्हणत उठायला लागलं की मामा काउंटरवरून पुढं वाकायचा आणि म्हणायचा, “बस रे राजा. माझ्या हातचं घे एक.” संपलं! उठलेला माणूस आपण कशाला उठलो होतो तेच विसरायचा. एक गृहस्थ तर नुसती विसरलेली छत्री न्यायला परत आले होते. ते बार बंद होईपर्यंत बसले आणि जाताना छत्री पुन्हा तिथंच ठेवून गेले.

पण कोवळं पोरगं समोर आलं की तोच आवाज करवत व्हायचा. बापाचा कोट चढवून, ओठावर काळी रेघ ओढून, घोगरं बोलत एखादं कार्टं यायचंच. मामा ओळखपत्र बघायचा, पण त्यावर भरवसा ठेवायचा नाही. ओळखपत्र म्हणजे छापलेली थाप, असं त्याचं मत. तो पेला पुसता पुसता सहज विचारायचा, “यंदा गणिताला कोण आहे रे तुम्हाला?” मोठा माणूस असेल तर चमकून बघतो, याचं डोकं फिरलं की काय म्हणून. शाळकरी पोर मात्र पटकन बोलून जातं. असाच एक जण म्हणाला, “टकलू सर,” आणि वर उसासाही टाकला. “मग टकलू सरांना माझा नमस्कार सांग, आणि फूट!” मामा गरजला. पोरगं तर पळालंच, पण कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक टकले गृहस्थही पेला अर्धा टाकून मागच्या दारानं निघून गेले.

तर अशा या संशयी माणसाच्या घरात पंधरा वर्षांची मुलगी होती. लहानपणी पेन्सिली कुरतडायची म्हणून तिचं नाव पडलं खारूताई, पुढं नुसतं खारू. मामा बायकोच्या भावावर संशय घ्यायचा, शेजाऱ्यांच्या मांजरावर घ्यायचा, हवामान सांगणाऱ्यांवर तर घ्यायचाच घ्यायचा. पण खारूचा शब्द आला की विषय संपला. सबंध जगात त्यानं कधी हुंगून बघितलं नाही असं ते एकच माणूस होतं.

एका दुपारी बारमध्ये खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या चढवलेल्या होत्या, लादी ओली होती, आणि मामा चकचकीत पेल्यांचा ट्रे हातात घेऊन उभा होता. तेवढ्यात दोघं आत आली. एक चष्मेवाल्या बाई आणि गळ्यात हेडफोन अडकवलेला एक साउंडवाला तरुण.

“आम्हाला तुमच्या बर्फाचा आवाज हवाय,” बाई म्हणाल्या.

मामाच्या मनात पाल चुकचुकली. बर्फ मागणारे त्यानं हजार पाहिले होते, बर्फाचा आवाज मागणारे हे पहिलेच. तपासणीवाले वेश पालटून आलेत, ही त्याची पहिली खात्री.

“आवाज कशाला?”

“गेममध्ये घालायला. शाळेतल्या मुलांसाठी गेम बनवतोय आम्ही. डोळ्यांवर हेडसेट लावला की मूल थेट एका पार्टीत जातं. मित्राचं घर, आईवडील बाहेर गेलेले, गाणी चाललीत, आणि कुणीतरी पेला पुढं करतं. मग ठरवायचं, घ्यायचा की नाही.”

“म्हणजे पोरांनी पिऊ नये म्हणून तुम्ही त्यांना प्यायला नेता?”

“खोटीखोटी पार्टी हो, मामा.”

“आणि दारू?”

“तीही खोटीच.”

“खोटी दारू तर आमच्या मालकांच्या बाटल्यांतही असते,” मामा म्हणाला.

बाई हसल्या, पण चिकाटीच्या होत्या. म्हणाल्या, दारू वाईट हे वर्गात सगळ्या मुलांना पाठ असतं. पण चार जणांसमोर पेला हातात खुपसला की जीभ टाळूला चिकटते. त्या जिभेला सराव द्यायचा. गेममध्ये बटण दाबून चालत नाही, ‘नाही’ तोंडानं म्हणावं लागतं, मोठ्यानं. घेतलंच तर पुढं काय होतं तेही दिसतं. पाय लटपटतात, समोरचं गरगरतं, जिन्यावरून मैत्रीण पडते आणि आपल्याला फोनसुद्धा लावता येत नाही. मग परत मागं जाऊन नव्यानं ठरवायचं.

“बघाच ना लावून,” त्यांनी हेडसेट पुढं केला.

मामानं तो हुंगला. “रबर. आणि कुणाचं तरी डोक्याचं तेल.” मग एका हातात ट्रे तसाच तोलत त्यानं तो डबा डोळ्यांवर चढवून घेतला. आणि काय सांगावं, समोर प्रशस्त दिवाणखाना! मऊ उजेड, नाचणारी पोरं, आणि अगदी हाताशी एक सुरेख लाकडी टेबल. आता ज्यानं जन्मभर हेच केलंय तो माणूस मोकळं टेबल दिसल्यावर दुसरं काय करणार? त्यानं ट्रे टेबलावर ठेवला.

खळ्ळकन सगळे पेले लादीवर!

“तुमचं टेबल पक्कं नाही!” मामा डब्यातूनच ओरडला.

काचा गोळा करताना तिघांची जरा ओळख झाली. साउंडवाल्याच्या बोटाला कापलं, तर मामानं त्याला पट्टी बांधली आणि लिंबू सरबत पुढं केलं. तो ‘नको’ म्हणाला, पुन्हा ‘खरंच नको’ म्हणाला. मामा वाकला. “घे रे राजा. माझ्या हातचं घे.” पुढच्या क्षणी पेला त्या पोराच्या तोंडाला लागलेला होता आणि आपण तो कधी घेतला हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

बाई आणि तो एकमेकांकडे बघतच राहिले.

त्यांची अडचण अशी होती, की गेममध्ये पेला देणाऱ्याचा आवाज एका कॉलेजच्या मुलाचा होता. तो धडा वाचल्यासारखा आग्रह करायचा. पोरं खदखदा हसून ‘नाही’ म्हणायची आणि गेम जिंकायची. त्यात शिकणार काय, कप्पाळ! म्हणून बाईंनी मामाचाच आवाज मागितला.

“मी पोरांना हाकलणारा माणूस, आणि तुम्ही मला त्यांना पाजायला लावता?” मामा उसळला.

“तुमच्यासारख्याला नाही म्हणता आलं, मामा, तर पुढं कुणालाही म्हणता येईल.”

मामाला यातही पाणी मुरतंय असं वाटलं. यामागं बाटल्यांचीच कुठली कंपनी नाही ना? त्यानं बाईंना एका बाजूला घेऊन विचारलं आणि साउंडवाल्याला दुसऱ्या बाजूला. दोघांची उत्तरं तंतोतंत जुळली. त्यामुळे संशय वाढला. “एवढं जुळतंय म्हणजे पाठ करून आलाय!”

शेवटी त्यानं होकार दिला तो दोन अटींवर. आपलं नाव कुठं येता कामा नये, आणि हा गेम आपल्या मुलीच्या शाळेत जाता कामा नये. “आधी दुसऱ्याच गावच्या शाळांत जाणार आहे,” बाई म्हणाल्या. त्या ‘आधी’नंतर काय, हे जगावर संशय घेणाऱ्या या माणसानं नेमकं विचारलं नाही. स्तुती झाली की भल्याभल्यांचं नाक चोंदतं बघा.

गेममध्ये तो झाला मित्राचा मामा. पहिलं वाक्य गोड, “घे गं बाळा, माझ्या हातचं घे.” दुसरं थट्टेचं, “घाबरलीस? एवढ्याशा पेल्याला?” बाईंच्या मते दोनदा नाही म्हटलं की मुलाला सोडून द्यायचं होतं.

“दोनदा नाही म्हटलं म्हणून सोडतं का कुणी?” मामा म्हणाला. “खरा घाव तिसरा असतो.” त्यानं डोळे मिटले, माइकजवळ तोंड नेलं आणि अगदी खालच्या सुरात, दुखावल्यासारखा म्हणाला, “असू दे, बाळा. माझं मन मोडलं तरी चालेल तुला.”

साउंडवाल्यानं नाक पुसलं. “आवाजावर थोडं काम करतो मी,” तो म्हणाला, “तुमचा बापसुद्धा ओळखणार नाही.”

त्या दिवशी मामा घरी शीळ घालत गेला. बायको कपडे अल्टर करायची. तिनं मशीनवरून मान वर केली. “आज स्वारी खुशीत? काय भानगड?”

“भानगड कसली?”

“तेच विचारतेय.”

मामानं तिला काही सांगितलं नाही, खारूला तर नाहीच नाही.

पुढं बऱ्याच दिवसांनी शाळेतून फोन आला, दोघांनीही येऊन भेटा. शाळेतल्या मॅडमची खोली लहान होती, खिडकीत कुंडी, भिंतीशी गणवेश घातलेल्या बाहुल्यांचं कपाट. आणि मॅडमच्या टेबलावर, मामाच्या अगदी नाकासमोर, तोच काळा डबा.

“रागावू नका,” मॅडम म्हणाल्या, “पण काळजी वाटली म्हणून बोलावलं. या गेममध्ये पेला घेतला तर बिघडत नाही, शिकण्यासाठीच आहे तो. पण प्रत्येक मूल कुठं ना कुठं थांबतं, विचार करतं, एकदा तरी नाही म्हणतं. तुमच्या मुलीनं एकदाही म्हटलं नाही. पेला पुढं आला की हिचा हात पुढं. क्षणभरही थांबली नाही.”

“यात पेला देतं कोण?” बायकोनं विचारलं.

“मित्राचा मामा. फार लाघवी बोलतो मेला.”

लाघवी मेला खिडकीतल्या कुंडीकडे बघायला लागला. पण बघा कसं असतं, खारूनं आवाज ओळखला असेल, हा विचार त्याच्या मनात आलाच नाही. पडद्यावरचा मामा दाढीवाला, ढेरपोट्या, कुणी परकाच होता, आणि आवाजावर ‘काम’ झालेलं होतं. त्याच्या डोक्यात घुसला तो हात. काउंटरमागून त्यानं आयुष्यभर हात तर पाहिले होते! नवखा माणूस पेला दिसला की आधी बघतो, अंदाज घेतो, बोटं चाचपडतात. न बघता, न थांबता जो पुढं येतो तो हात सरावलेला. हे त्याचं शास्त्र कधी चुकलं नव्हतं. सरावलेला हात, आणि तोही खारूचा!

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात नवीनच प्रकार सुरू झाला. खारू शाळेतून यायची तेव्हा मामा कामावर जायच्या तयारीत असायचा. तो दारातच आडवा उभा राहायचा.

“फू कर.”

“काय?”

“तोंडावर फू कर माझ्या.”

पहिल्या दिवशी तिला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी वाटली नाही. मग दप्तर हुंगणं आलं, पाण्याची बाटली आली, उशी आली. मामा कामावर असला की बायकोला फोन करायचा, “आली का? हुंगलंस का?” बायको म्हणायची, “मी माझ्या पोरीला हुंगणार नाही. तुम्ही माणूस आहात की कुत्रं?” आणि फोन ठेवायची. पण मग तीही जरा वेळ मशीन थांबवून खारूच्या बंद दाराकडे बघत बसायची. संशय सर्दीसारखा घरभर फिरतो.

एके दिवशी फू केल्यावर पेपरमिंटचा भपकारा आला. मामाचे डोळे बारीक झाले.

“पेपरमिंट कोण खातं माहीत आहे मला! माझ्या बारमधून घरी जाणारा प्रत्येक जण खातो!”

“तुम्ही तोंडाचा वास घेता म्हणून खाते मी!” खारू किंचाळली.

“लपवायचं काही नसेल तर खातेस कशाला?”

खारू आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती बापाशी बोलेनाशी झाली. न बोलता फू करायची आणि जायची. मामाला हे जास्त लागलं, पण त्यानं त्याचाही अर्थ काढलाच, अपराधी माणूसच गप्प असतो.

मग सुट्टीच्या दिवशी ती आईला ‘मैत्रिणींबरोबर बागेत जाते’ म्हणाली, तेव्हा मामा मागोमाग निघाला. पोरी गवतावर गोल करून बसलेल्या. हा झाडामागून डोळ्यांत तेल घालून बघतोय. आणि त्यानं पाहिलं! पोरींच्या मधोमध एक बाटली. तांबूस पाणी. एकीनं ती दुसरीकडे सरकवली, दुसरीनं खारूकडे.

मामा झाडामागून असा निघाला की दोघी जणी किंचाळल्याच. त्यानं बाटली हिसकावली, नाकाला लावली. वास नाही! वास नसलेलीही एक दारू असते, आणि हुशार पोरं तीच निवडतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि मग त्यानं ते केलं, जे आयुष्यात कधी केलं नव्हतं. मुलीसाठी त्यानं आपला नेम मोडला आणि एक मोठा घोट घेतला.

रंगाचं पाणी होतं. पोरी चित्रं काढत होत्या, ब्रश बुचकळायला घेतलेली बाटली ती. गवतावर कागद पसरलेले, ते या शहाण्याला दिसलेच नव्हते.

“अगं बाई, काका, थुंका, थुंका!” एकीनं रुमाल पुढं केला.

मामाची जीभ तांबडी, मिशी तांबडी. वेळ मारून न्यायला तो आपल्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाला, “काही नाही गं बाळा. घाबरलीस? एवढ्याशा घोटाला?”

आणि रुमालवाली मुलगी उडालीच. “ए! हा तर गोडबोल्या मामा! गेममधला! तेच वाक्य, तोच सूर! खारू, तुझे बाबा गोडबोल्या मामा आहेत?”

खारूच्या तोंडचा रंग उडाला. तिनं कागद गोळा केले, ब्रश तसेच टाकले आणि चालायला लागली. मामा तिच्या मागं. फाटकाजवळच्या बाकावर ती एकदम बसली आणि इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं.

“झालं समाधान? हेच लपवत होते मी! सगळी शाळा त्या मामाच्या नकला करते. ‘माझ्या हातचं घे, माझ्या हातचं घे,’ मधल्या सुट्टीत हेच चाललेलं असतं. तो कोण हे कळलं असतं तर मी शाळेत गेले असते का?”

“तुला... तुला कळलं होतं?”

“पहिल्या शब्दाला! ‘घे गं बाळा’ म्हणालात तेव्हाच.”

“मग तरी तू पेला घेतलास?”

“बाबा, तुम्ही दिलंत आणि मी नाही म्हटलं, असं कधी झालंय? ताप आला की ते कडू औषध कोण द्यायचं? आईनं दिलं की मी थुंकायचे. तुम्ही ‘माझ्या हातचं घे’ म्हणालात की घ्यायचे. मला माहीत होतं हा गेम आहे. पण हात आधीच पुढं गेला होता. आणि मला वाटलं, तुम्हीच मुद्दाम माझी परीक्षा घेताय. मला न सांगता. मग मीही कशाला सांगू?”

मामा तांबडी मिशी घेऊन बाकावर बसून राहिला. येणारेजाणारे बघून जात होते.

आता तुम्ही म्हणाल, बापलेकीचं गूळपीठ झालं, संपली गोष्ट. पण हुंगेमामाचा स्वभाव तुम्हाला अजून कळला नाही. घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं, तिच्याकडून मनसोक्त बोलणी खाल्ली, आणि मग त्याचं डोकं पुन्हा चालू झालं. आवाज ओळखला म्हणून घेतलं, हे उत्तर जरा सोयीचंच नाही का? आणि समजा, खरं आहे. मग तर आणखी वाईट! पोरांना पहिला पेला परका माणूस कुठं देतो? बारमध्ये येणारे सगळे सांगायचे, कुणाला थोरल्या भावानं दिला, कुणाला लाडक्या काकानं. मायेच्या माणसाला हिला नाहीच म्हणता येत नसेल तर? पोरगी खोटं बोलत असली तर वाईट, की खरं बोलत असली तर, हेच त्याला ठरवता येईना.

तो गेमवाल्या बाईंकडे गेला. आधी ‘आधी’ या शब्दावरून भांडला. त्यांनी चूक कबूल केली आणि म्हणाल्या, “काढून टाकते तुमचा आवाज.”

“काढू नका,” मागून खारू म्हणाली. ती कधी आली होती कुणास ठाऊक. “मला परत खेळायचंय. बाबांसमोर.”

शाळा सुटल्यावर मॅडमच्याच खोलीत सगळे जमले. खारूनं हेडसेट चढवला. बाहेरच्यांना ऐकू यावं म्हणून बाईंनी स्पीकर लावला. मामा भिंतीला पाठ लावून उभा राहिला, बायको त्याच्या शेजारी, पर्स छातीशी धरून.

गाण्यांचा गलका. बर्फाची किणकिण, ती तर त्याच्याच बारमधली. मग तो आवाज.

“घे गं बाळा, माझ्या हातचं घे.”

खारूचा हात उठला. मामानं पाहिलं, उठलाच तो, आपोआप. अर्ध्यावर येऊन थांबला. बोटं चाचपडली.

“नको,” ती म्हणाली. इतकं हळू, की माइकनं ते धरलंच नाही. तिला पुन्हा म्हणावं लागलं. “नको!”

“घाबरलीस? एवढ्याशा पेल्याला?”

“हो, घाबरले. नको.”

बायकोनं सुस्कारा सोडला. तिला वाटलं, संपलं. पण मामाला माहीत होतं तिसरं काय आहे. आजवर त्या वाक्यापुढं टिकलेला माणूस त्यानं पाहिला नव्हता. आपण डोळे मिटून, एवढी अक्कल पाजळून ते कशाला म्हटलं, असं त्याला झालं. बंद करा ते, असं ओरडायला त्यानं तोंडही उघडलं.

“असू दे, बाळा,” स्पीकरमधला मामा दुखावलेल्या सुरात म्हणाला. “माझं मन मोडलं तरी चालेल तुला.”

डब्याखाली खारूचे ओठ थरथरत होते. एक हात दुसऱ्या हातानं घट्ट धरलेला. मामाला वाटलं, आता रडेल. आणि रडताना माणूस काहीही घेतो, हे तो काउंटरमागून शिकला होता.

“मोडू दे,” खारू म्हणाली.

आणि तिनं हेडसेट काढून टेबलावर ठेवला. केस विस्कटलेले, कपाळावर रबराचा वळ, चेहरा घामानं डबडबलेला. तिनं बापाकडे पाहिलं नाही.

मामाचं मन मोडलं होतं खरं, आणि त्यातूनच त्याला इतकं बरंही वाटत होतं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्यानं हातांना येतं ते केलं. मॅडमच्या तांब्यातलं गार पाणी पेल्यात ओतलं, पेला रुमालानं पुसला आणि लेकीपुढं धरला. “घे. दमलीस.”

खारूनं पेल्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“नको. घरी जाऊन पिईन.”

साधं पाणी हो! मामाचा हात तसाच राहिला. भरलेला पेला भरलेलाच परत यायची त्याच्या उभ्या आयुष्यातली ही पहिली वेळ. तेवढ्यात गेमवाल्या बाईंनी हात पुढं केला. “इकडे द्या मामा, माझ्या घशाला कोरड पडलीय,” आणि गटागटा पिऊन टाकला.

घरी जाताना बायको शिलाईचे दोरे घ्यायला दुकानात वळली, तेव्हा दोघंच रस्त्यानं चालत राहिले. खारू म्हणाली, “उद्यापासून फू नाही.”

“बरं.”

“दप्तर नाही, उशी नाही.”

“बरं म्हटलं ना.”

“पेपरमिंट मला आवडतं. खाणार मी.”

“खा.”

तिनं त्याच्याकडे बारीक डोळ्यांनी बघितलं. इतक्या सहज ‘बरं’ म्हणणारा हा माणूस तिला नवा होता. यात काहीतरी पाणी मुरतंय, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

दाराशी आल्यावर मामानं कुलूप काढलं आणि सवयीनं उंबऱ्यात बाजूला उभा राहिला, तिला आत जाऊ द्यायला. खारूनं त्याच्या नाकाकडे पाहिलं, ती जागची हलली नाही.

“तुम्ही आधी,” ती म्हणाली.

“अगं, जा ना. मी कुठं काय...”

“आधी तुम्ही. पार आतल्या खोलीत. मग मी.”

मामा निमूटपणे आत गेला, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि तिथूनच त्यानं विचारलं, “आता?”

“अजून थोडं पुढं,” बाहेरून आवाज आला.